काळोख्यांचं घर

“या बाजूला पॉइंट नको,” वहिनी म्हणाली आणि भिंतीवर खडूने मारलेली फुली तिने पदराने पुसून टाकली.

इम्तियाज शिडीवरून खाली बघतच राहिला. तालुक्याच्या गावातला हा वायरमन. सकाळपासून तो घरभर खडू घेऊन फिरत होता. जिथे फुली तिथे दिवा, जिथे गोल तिथे पंखा. ओटीवर फुली, माजघरात फुली, न्हाणीत फुली, देवघरात तर त्याने हौसेने दोन मारल्या होत्या. शेवटी तो दर्याकडच्या पडवीत आला होता.

“मावशी, सगळ्या घरात भारी जागा ही. समोर दर्या, वारा. इथे दिवा नको तर काय गोठ्यात लावू?”

“लाव गोठ्यात. म्हैस नाही, पण उंदरांची तरी सोय होईल.”

माझी बायको कुंदा आतून खो खो हसली. इम्तियाजही हसला आणि वहिनीची पाठ वळताच त्याने मला डोळा मारून फुली पुन्हा काढली. दुपारी बघितलं तर भिंत कोरी. वहिनीने ओल्या फडक्याने पुसली होती.

मी तेव्हा जहाजावरची नोकरी सोडून कायमचा गावी आलो होतो. सगळं आयुष्य जहाजांच्या भटारखान्यात गेलं. दुसऱ्यांसाठी रांधलं, दुसऱ्यांच्या दिव्याखाली जेवलो. आता आपल्या घरी राहायचं ठरवलं होतं. घर बाबांनी बांधलेलं, खाडीच्या तोंडावर, दोन्ही बाजूंना माडांची बाग. इतकी वर्षं तिथे वहिनी एकटी राहत होती. माझ्या थोरल्या भावाची, जनार्दनदादाची बायको. दादा जाऊन तेव्हाही खूप वर्षं झाली होती. कौलं बदलली, फरशी घातली, आणि मग कुंदा म्हणाली, “आता दिवे तरी जरा बरे लावू. इथे संध्याकाळ झाली की मला जहाजाच्या तळात बसल्यासारखं वाटतं.” ती कधी जहाजाच्या तळात गेली नव्हती, पण माझ्या गोष्टी ऐकून ऐकून तिला सगळं माहीत होतं.

आम्हाला गावात काळोखे म्हणत. आडनाव वेगळं, पण ते शाळेत आणि मतदानाला. एरवी मी ‘काळोख्यांचा दामू’. त्याचं कारण सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे. पाण्याखाली, दिसत नाही. त्या दांड्यात एका जागी खोल पाण्याची वाट आहे. होडी तिथूनच आत आली पाहिजे. इकडे तिकडे गेली तर वाळूवर बसते आणि मागून येणारी लाट तिला उलटी करते. दिवसा माणूस डोंगर आणि देऊळ बघून येतो. काळोख पडला की काय बघणार? किनाऱ्यावर रांगेने घरं, आणि शेवटची होडी आत येईपर्यंत प्रत्येक घर पडवीत कंदील लावून ठेवायचं. दर्यातून बघावं तर कंदिलांची माळच्या माळ. त्यातला कुठला कोणाचा, कसा ओळखायचा? दिवा सगळ्यांच्या घरी. म्हणून जुन्या माणसांनी उलटं केलं. त्या वाटेच्या अगदी समोर जे घर होतं, त्या घराने दर्याकडे दिवा दाखवायचाच नाही, असं ठरवून टाकलं. माळेत मधोमध एक खिंडार. ते बघायचं, होडीचं नाक त्यावर धरायचं आणि सरळ यायचं. दिवा सगळ्यांच्या घरी असतो. काळोख मात्र एकाच घरी. ते घर आमचं.

पुढे गावात वीज आली, दांड्यावर सरकारने लाल आणि हिरवा दिवा बसवला, होड्यांना यंत्रं आली. आमच्या काळोखाची गरज कोणाला उरली नाही. तरी वहिनीने दर्याकडे दिवा लावू दिला नाही. मला वाटायचं, रीत म्हणून. जुनी माणसं रीत सोडत नाहीत, आणि वहिनी तर दादाच्या मागे या घराची रीतच होऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दिवे आणायला तालुक्याला गेलो. वहिनीला कुंदाने ओढूनच नेलं.

“जाऊबाई, तुमच्या पसंतीने घेऊ. मग भिंती पुसत बसू नका.”

दुकानदाराने एक बटण दाबलं आणि समोरची अख्खी भिंत पेटली. पांढरे, निळसर, पिवळे, गोल, चौकोनी, काही फुलासारखे, काही नुसत्या काचेच्या नळ्या. कुंदाचा चेहरा उजळून गेला. मी खोक्यांवरची अक्षरं एकेक करून लावत होतो. वाचायला मी जहाजावर शिकलो, तिशी उलटल्यावर, एका मलबारी मिस्तरीकडून. अजूनही बोट ठेवल्याशिवाय मला ओळ धरता येत नाही.

“हे झुंबर बघा,” कुंदा म्हणाली.

“माजघरात? वाकून चालावं लागेल,” मी म्हणालो.

“तुम्हाला नाही लागणार. तुम्ही आधीच वाकलाय.”

दुकानदार तोंडावर हात ठेवून हसला. मग त्याने आम्हाला प्रकाशाचे प्रकार समजावले. हा थंड पांढरा, दुकानाला. हा दुधाळ, दिवाणखान्याला. हा ऊबदार, झोपायच्या खोलीला. कुंदा प्रत्येक दिव्याखाली आपला हात धरून कातडीचा रंग कसा दिसतो ते बघत होती. वहिनी मात्र टोकाला, धूळ बसलेल्या फळीपाशी उभी होती. तिथे एक जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लागलेला होता. काचेच्या आत लाल तार दिसणारा.

“आजी, तो आता कोणी घेत नाही,” दुकानदार म्हणाला. “वीज फार खातो.”

“खाऊ दे,” वहिनी म्हणाली. “एक द्या.”

“कुठे लावणार?” कुंदाने विचारलं.

“असू दे घरात.”

येताना एसटीत तो बल्ब तिने पदरात धरला होता, अंड्यासारखा. कुंदा माझ्या कानात म्हणाली, “बघा, नको नको म्हणतात आणि आवडतं त्यांनाही.” मला मात्र ते आवडीने धरल्यासारखं वाटलं नाही. जळत्या काडीभोवती माणूस ओंजळ करतो, तसे तिचे हात होते.

तिसऱ्या दिवशी वहिनी देवळात गेली होती. इम्तियाजने संधी साधली.

“काका, दिवा नको तर नको. पण मागच्या खोलीची वायर या पडवीतूनच न्यायला लागेल. पाइप आत बसवून टाकतो, वरून रंग. मावशींना कळणार पण नाही.”

मी हो म्हणालो. त्याने पटाशी घेतली आणि भिंतीचा चुना खरवडायला लागला. चुना भाकरीच्या पापुद्र्यासारखा निघत होता, थरावर थर. कुठल्याच भिंतीवर इतका चुना नव्हता. ही भिंत वहिनी दरवर्षी नारळी पुनवेच्या आधी स्वतः रंगवायची. बाकीच्या घराला गडी लावायची, ही भिंत मात्र कोणाला शिवू द्यायची नाही. मी रजेवर आलो तर मलाही नाही. “तुमचा हात पातळ आहे,” म्हणायची. आणि पावसाळा सरला की तिथे, वाशाच्या जरा खाली, एक करडा डाग वर यायचा. इतका चुना लावूनही. मी लहानपणापासून... नाही, लहानपणापासून नाही. दादा गेल्यानंतरपासून तो बघत होतो. ओल असेल म्हणून सोडून दिला होता.

“हे बघा!” इम्तियाज ओरडला. “आणि म्हणे या बाजूला दिवा नव्हता!”

शेवटचा पापुद्रा त्याच्या हातात होता. खाली भिंतीवर काळंकुट्ट. खाली बारीक आणि वर पसरत गेलेलं. त्याने पटाशीचं टोक वर नेलं, वाशाला लागलेलं डांबर खरवडलं. डांबराखाली एक खिळा होता, वर वाकवून आकडा केलेला.

“काजळी आहे, काका. इथे कंदील होता टांगलेला. काच तडकलेली असणार, नाहीतर एवढा धूर ओकत नाही. जागा पण बरोबर निवडलीय. दर्यातून लांबवर दिसेल अशी.”

मी त्याला जेवायला जा म्हणालो.

“अजून अकरा पण नाही वाजले.”

“जा रे बाबा. चहा पी.”

तो गेला. मी तिथेच खाली बसलो.

ती संध्याकाळ मी कोणाला सांगितली नव्हती. कुंदालाही नाही.

होडीत आम्ही दोघंच होतो, दादा आणि मी. मला नुकती मिसरूड फुटली होती. जाळं खडकात अडकलं, दादाला ते कापवेना, नवं होतं. बाकीच्या होड्या उजेडात परत गेल्या. मग वारा फिरला. आम्ही निघालो तेव्हा काळोख पडला होता, पाऊस तिरका लागत होता आणि पाणी उसळत होतं. पण दादाला काळजी नव्हती. दर्यावर तो घरच्या अंगणात असल्यासारखा वावरायचा. तो सुकाणूवर, मी पाणी उपसत होतो.

किनारा दिसायला लागला तसा तो म्हणाला, “दाम्या, पुढे जाऊन बघ. आपला काळोख कुठाय?”

मी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहिलो. जेटीपासून देवळापर्यंत दिव्यांची माळ. सलग. कुठे खिंडार नाही.

“दिसत नाही, दादा.”

“नीट बघ की! आंधळा झालास?”

“सगळीकडे दिवेच आहेत.”

तो हसला. अजून ऐकू येतं ते हसणं. “घर गेलं कुठे मग? पोहायला?” मग तो स्वतः उभा राहिला, बराच वेळ बघत राहिला. आणि उजवीकडे बोट दाखवून म्हणाला, “तो बघ. आपल्याला वाऱ्याने खाली ओढलंय.” तिथे खरंच काळोख होता. त्याने होडीचं नाक तिकडे वळवलं. तो देवळापलीकडच्या केवड्याच्या बनाचा काळोख होता. घराचा नव्हता. हे आम्हाला कळलं तेव्हा होडीचा तळ वाळूला घासला होता.

मला लाटेने आत फेकलं. दादा दुसऱ्या दिवशी दांड्यापलीकडे सापडला.

मला घरी उचलून आणलं तेव्हा मी आधी दर्याच्या पडवीकडे बघितलं. तिथे दिवा नव्हता. नेहमीसारखा काळोख. मग आम्ही काय बघितलं? गावातली म्हातारी माणसं म्हणाली, जना एवढा पक्का, तो दांड्यावर गेलाच कसा; चकवा लागला असणार. दर्यावरही चकवा असतो, खोटे दिवे दाखवतो. मी तेच धरून बसलो. त्यानंतर मी लहान होडीत पाय ठेवला नाही. मोठ्या जहाजावर गेलो, तेही भटारखान्यात, जिथून पाणी दिसत नाही. बंदर जवळ आलं आणि किनाऱ्यावरचे दिवे दिसायला लागले की मी खाली जायचो आणि कांदे चिरत बसायचो. पोरं म्हणायची, दामूला बंदर आलं की रडू येतं.

“कोणी खरवडली?”

वहिनी दारात उभी होती. हातात देवळातला नारळ.

“इम्तियाजने. पाइप न्यायचा होता.”

“पाइपही नको म्हटलं होतं मी.”

“तू दिवा नको म्हणाली होतीस.” मी तिच्याकडे बघितलं. “वहिनी, इथे दिवा कोणी लावला होता?”

तिने नारळ खाली ठेवला. पदर नीट केला. मग पडवीच्या पायरीवर बसली, माझ्याकडे पाठ करून, दर्याकडे तोंड करून.

“मी,” ती म्हणाली.

दर्यावर ऊन लकाकत होतं.

“मी वरची, भावजी. डोंगरातली. आमच्याकडे रानात गेलेला माणूस परतला नाही की अंगणात उंच कंदील टांगतात. तो बघून येतो. लग्न होऊन मला इथे चार महिने झाले होते. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दर्याकडच्या पडवीत दिवा न्यायचा नाही. का, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. नवी सून कशाला विचारते? मला वाटलं, सोवळंओवळं असेल काहीतरी. त्या दिवशी सगळ्यांच्या होड्या आल्या, तुमची नाही. बाबा, सासूबाई, सगळी खाली किनाऱ्यावर. मी घरात एकटी. बघते तर सगळ्यांच्या घरी दिवे. आपल्याच घरी काळोख. मला वाटलं, एवढ्या दिव्यांत आपलं घर सापडणार कसं त्यांना?”

तिचा आवाज हलला नाही. जसं काही तिने ते सगळं मनात पुष्कळ वेळा म्हणून पाठ केलं होतं.

“खिळा मीच ठोकला. दगडाने. बोटावर बसला होता एकदा. कंदिलाची काच तडकलेली होती, धूर येत होता. पण उजेड चांगला होता.”

“मग तो काढला कोणी?”

“बाबांनी. तुम्हाला उचलून आणत होते तेव्हा ते पुढे धावत आले. दिवा बघितला. माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. फुंकर घातली, कंदील काढला आणि विहिरीत टाकला. बारा दिवस झाल्यावर त्यांनी चुना भिजवला. ही भिंत माझ्याकडून रंगवून घेतली. म्हणाले, ही दरवर्षी तू रंगवायची, दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. एवढंच. मरेपर्यंत पुन्हा त्यावर बोलले नाहीत. माझ्या हातचं जेवले, मला पोरी म्हणत राहिले. ती शिक्षा होती की पांघरूण, मला अजून कळलेलं नाही.”

मग ती माझ्याकडे वळली.

“तुम्हाला दिसला होता ना?”

“नाही,” मी म्हणालो. “पाऊस होता. आम्हाला काहीच दिसलं नाही. वाऱ्याने ओढलं होडीला.”

“खोटं बोलू नका.” ती अगदी हळू बोलली. “तुम्हाला ताप भरला होता. उशाशी मीच बसायचे. तुम्ही एकच बडबडत होता. ‘दादा, सगळीकडे दिवेच आहेत. दादा, आपला काळोख नाही.’ तेव्हा मला कळलं, या घरात दिवा का लावत नाहीत ते. सासूबाईंनी नाही सांगितलं. तुम्ही सांगितलंत.”

म्हणजे मी रजेवर यायचो, ती मला वाढायची, मी भाकरी मोडायचो, आणि तिला माहीत होतं की मी बघितलंय. ती वाट बघत होती की मी कधीतरी बोलेन. आणि मी समजत होतो की मी बघितलं ते खोटं होतं. चकवा आमच्याच घरात राहत होता, तिच्या हातच्या चुन्याखाली.

राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. दादाचं हसणं आठवलं आणि आला. पण समोर बसलेली ती बाई दरवर्षी एका डागाशी लढून हरलेली होती. तिच्यावर राग टाकायला जागा नव्हती.

“बोल लावा की, भावजी. एवढी वर्षं थांबलेय मी.”

“काय बोलू?”

“मग एक करा. मला दाखवा.”

“काय?”

“तिथून कसं दिसत होतं ते. मी किनाऱ्यावर सगळा जन्म काढला, पण पाण्यात कधी गेले नाही. ते ज्या जागेवरून बघत होते तिथून मला हे घर बघायचंय. एकदा दिवा लावून, एकदा विझवून.”

“वहिनी, कशाला?”

“काय केलं ते माझं मी बघितलंच नाही अजून.”

आता वहिनी नाही. ती गेली त्यालाही बराच काळ झाला. पण ती तसं म्हणाली तेव्हाचा तिचा चेहरा मला दिसतो. मागणं नव्हतं ते. हक्क होता.

दुपारी इम्तियाज आला तर वहिनीने स्वतःच त्याला शिडी धरून दिली.

“त्या आकड्याला दिवा टांग. नुसता वायरला. कायमचा नको.”

“आँ? मावशी, तुमचं काय ते एकदा ठरवा!”

“ठरलंय. कुठला लावतोस?”

“हा घ्या, पांढरा. गाव झळाळून टाकेल.”

“तो नको.” ती आत गेली आणि दुकानातून आणलेला पिवळा बल्ब घेऊन आली. “हा. कंदिलासारखा आहे.”

कुंदाला आम्ही एवढंच सांगितलं की दिवा दर्यातून कसा दिसतो ते बघून येतो. बटणापाशी तिला उभं केलं. मी पाण्यातून बॅटरी हलवली की दिवा विझवायचा.

“अहो, दुकानदार पण एवढी परीक्षा घेत नाही दिव्याची,” ती म्हणाली. “आणि तुम्ही होडीत बसणार? तुम्ही?”

“बसतो.”

तिने आत जाऊन माझा स्वेटर आणून दिला.

शेजारच्या वसंताची इंजिनाची होडी होती. दिवेलागणीला आम्ही निघालो. वहिनीला पाण्यातून उचलून होडीत घालताना वसंता म्हणाला, “काकू, माशापेक्षा हलक्या आहात.” ती फळीवर बसली, दोन्ही हातांनी कड धरून. माझेही हात तसेच होते. वसंता आम्हा दोघांकडे बघून म्हणाला, “काळोखे, तुम्ही दर्याची माणसं म्हणे!”

लाल आणि हिरव्या दिव्याच्या मधून आम्ही बाहेर पडलो. पाणी शांत होतं. काळोख पडेपर्यंत वसंताने होडी पुढे नेली. मग मी म्हणालो, “इथे.” इथेच होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याने इंजिन बंद केलं.

वहिनीने मान वळवली.

किनाऱ्यावर दिव्यांची माळ. आता विजेचे, जास्त दाट, जास्त पांढरे. जेटीपासून देवळापर्यंत सलग. त्यात कुठेतरी मधे एक पिवळा ठिपका असणार.

“आपलं कुठलं?” तिने विचारलं.

“शोध,” मी म्हणालो. त्या वेळी दुसरा शब्द तोंडात आला नाही.

ती शोधत राहिली. डोळे बारीक करून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा परत. एकदा तिचं बोट उचललं गेलं आणि खाली आलं. पाण्याचा होडीला लागणारा चुबुक चुबुक आवाज तेवढा होता. मग तिचं तोंड देवळापलीकडे वळलं, जिथे अजूनही केवडा आहे, आणि तिथे थांबलं. बराच वेळ.

“ते तिकडे गेले,” ती म्हणाली.

“हो.”

“मीपण तिकडेच गेले असते.”

तिने पदराने तोंड पुसलं. रडली का, ते मला दिसलं नाही. मी बघितलं नाही.

“काय म्हणाले ते?”

“घर गेलं कुठे, पोहायला का, म्हणाला. हसला.”

“हसले?”

“हो. मोठ्याने.”

ते तिला नवीन होतं. एवढ्या वर्षांत तिला त्याचं काही नवीन मिळालं नव्हतं. ती ते तोंडात धरून बसली, साखरेसारखं. मग म्हणाली, “दाखवा बॅटरी.”

मी बॅटरी हलवली. कुंदाचं लक्ष होतंच. माळेतला कुठला दिवा गेला ते आधी कळलं नाही. मग एकदम कळलं. मधोमध, दोन बाजूंच्या माडांमध्ये, खिंडार पडलं होतं. इतक्या पांढऱ्या उजेडात ते पूर्वीपेक्षा काळं दिसत होतं. डोळे तिथून हलत नव्हते.

“एवढं स्पष्ट,” वहिनी म्हणाली. आणि पुन्हा, स्वतःशी, “एवढं स्पष्ट दिसतं.”

वसंता चुळबुळत होता. “काकू, निघायचं?”

“हो. पण तू नाही. सुकाणू भावजींकडे दे.”

“वहिनी, मला...”

“घ्या म्हणते ना.”

वसंताने इंजिन सुरू केलं आणि सरकून बसला. मी सुकाणूवर हात ठेवला. लाकूड ओलं आणि गार होतं. वहिनी उठली, माझ्या खांद्याला धरून पुढे गेली आणि नाळेवर उभी राहिली. जिथे मी उभा होतो तिथेच. तिला पोहता येत नव्हतं. तिने मागे बघितलं नाही, नुसता हात लांब केला.

“डावीकडे घ्या. अजून थोडं. बस. आता तिथेच धरा.”

मी तिच्या हातावर आणि तिच्या हातापुढच्या काळोखावर होडी धरली. दांडा आमच्या दोन्ही बाजूंना होता. फुटणारं पाणी ऐकू येत होतं. तळाला काही घासलं नाही.

किनाऱ्यावर कुंदा धावत आली होती, हातात आमची दुसरी बॅटरी.

“काय हो, कसा दिसला दिवा?”

वहिनी गुडघाभर पाण्यातून चालत वर आली. लुगड्याचा ओचा पिळला.

“दिसला. खूप लांबवर दिसतो,” ती म्हणाली. “उद्या त्या पोराला काढायला सांग.”

“आणि ती भिंत? त्याने अर्धी खरवडून ठेवलीय. उद्या चुना भिजवू का?”

वहिनी घराकडे चालायला लागली होती. उत्तर तिने चालता चालताच दिलं.

“नको. राहू दे तशीच.”